स्क्रूचा दात बसवण्याआधी

(सामुदायिक रेडिओवरच्या भाषणाचं शब्दांकन)



बचत गटाच्या बैठकीत कर्जाचे अर्ज वाचले जातात तेव्हा कारणं ठरलेली असतात. शेळ्या, शिलाई मशीन, बियाणं, पोरीची फी, दवाखाना. अलीकडे त्यात मधूनच एक नवीन कारण दिसायला लागलंय, ते म्हणजे दात. रक्कमही किरकोळ नसते. कुणाला ४० हजार हवेत, कुणाला ८०. अध्यक्षबाई विचारतात, "अगं, दाताला एवढे पैसे?" तर उत्तर येतं, "स्क्रूचे बसवायचेत. पक्के. कवळीसारखी काढ-घाल नाही."

मी दातांची डॉक्टर आहे. हे स्क्रूचे दात, म्हणजे इम्प्लांट, मी स्वतः बसवते. तेव्हा त्यांच्याविरुद्ध बोलायला मी आज माइकसमोर बसलेले नाही. उपचार चांगलाच आहे. पण बायकांना ज्या गोष्टी पैसे भरून झाल्यावर कळतात, कधी कधी तर स्क्रू बसवून झाल्यावर कळतात, त्या आज आधी सांगणार आहे. तुमच्यापैकी एखादी इम्प्लांटच्या विचारात असेल किंवा तिच्या अर्जावर सही करणारी असेल, दोघींनीही ऐका.

आधी ही वस्तू काय ते समजून घेऊ. आपला दात तोंडात दिसतो तेवढाच नसतो. खाली हाडात त्याचं मूळ असतं. दात काढला की मूळही जातं. इम्प्लांट म्हणजे त्या मुळाच्या जागी हाडात बसवलेला टायटॅनियम धातूचा छोटा स्क्रू, साधारण १० मिलिमीटर लांब आणि ४ मिलिमीटर जाड. त्याच्यावर एक जोड बसतो आणि जोडावर दिसणारा दात, म्हणजे कॅप. अशा एकूण तीन वस्तू. हा तीनचा आकडा लक्षात ठेवा, पैशांच्या बोलण्यात तो परत येणार आहे.

टायटॅनियमच का, याची गंमत सांगते. स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचे डॉक्टर होते. १९५०च्या दशकात ते हाडातला रक्तपुरवठा कसा चालतो याचा अभ्यास करत होते. त्यासाठी सशाच्या पायाच्या हाडात त्यांनी टायटॅनियमचं एक छोटं उपकरण बसवलं. काम झाल्यावर काढायला गेले तर ते निघेचना. हाडानं धातूला घट्ट धरून ठेवलं होतं. त्यातूनच पुढे दातांची कल्पना आली. १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. तो माणूस २००६ साली वारला, तोपर्यंत ४० वर्षं तो त्याच आधारावर जेवत होता.

पण या गोष्टीतली खरी खुबी हाडाची आहे. स्क्रू नुसता पिळून बसवला म्हणून टिकत नाही. त्याच्याभोवती हाड वाढतं आणि त्याला धरतं, म्हणून तो टिकतो. द्राक्षबागेचा मांडव उभा करताना खांब रोवला की लगेच तारा ताणत नाही ना आपण? काँक्रीट मुरू देतो. इथे मुरायला खालच्या जबड्यात साधारण ३ महिने लागतात. वरच्या जबड्याचं हाड जरा पोकळ, म्हणून तिथे ४ ते ६ महिने. त्यानंतर कॅप. काहींना कायमचा दात लवकर बसवता येतो, काहींना त्याच दिवशी तात्पुरता दात देता येतो. पण ते हाड चांगलं असलं तर आणि डॉक्टरांनी तपासून ठरवलं तर. ‘३ दिवसांत पक्के दात’ असा बोर्ड वाचून ते आपल्यालाही लागू आहे असं धरून चालू नका. अशा पद्धती आहेत, त्या खोट्या नाहीत, पण त्या निवडक पेशंटसाठी असतात. बोर्ड मात्र सगळ्यांसाठी लावलेला असतो.

आता हाडाकडे वळू, कारण सगळा खेळ तिथेच आहे.

दात काढला की त्या जागचं हाड आटायला लागतं. त्याला काही काम उरत नाही ना. पहिल्या वर्षात हाडाची रुंदी जवळजवळ निम्म्यानं कमी होऊ शकते, आणि त्यातला बराच भाग पहिल्या ३ महिन्यांतच जातो. आपल्याकडे बाई दात काढून घरी जाते आणि ८-१० वर्षांनी बसवायला येते. मधल्या काळात घर बांधून झालेलं असतं, दोन लग्नं झालेली असतात, तिचा नंबर सगळ्यांच्या शेवटी. तोवर हाड सुरीच्या धारेसारखं पातळ झालेलं असतं. मग स्क्रू बसवायला आधी हाडाची भर घालावी लागते. त्याचा खर्च वेगळा आणि थांबण्याचे महिनेही वेगळे. म्हणून दात काढतानाच डॉक्टरांना विचारून ठेवा, "इथे पुढे काय बसवता येईल? कधी यावं?"

आणि त्याच्याही आधी विचारायचा प्रश्न आहे, "हा दात वाचेल का?" दुखायला लागलं की ‘काढूनच टाका एकदाचा’ म्हणणाऱ्या कितीतरी बायका मी रोज बघते. रूट कॅनल करून कॅप घातलेला स्वतःचा दात पुढे कितीतरी वर्षं काम देतो, आणि खर्च इम्प्लांटपेक्षा बराच कमी येतो. जो दात वाचू शकतो तो इम्प्लांटसाठी काढू नये, हे मी ठामपणे सांगते. कुणी चांगले हलत नसलेले दात काढून ‘सगळे एकसारखे नवीन बसवू’ म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय होय म्हणू नका.

हाड किती उरलंय ते नुसतं तोंडात बघून कळत नाही. साध्या एक्स-रेमध्ये उंची दिसते, रुंदी दिसत नाही. त्यासाठी सीबीसीटी नावाचा स्कॅन असतो. जबडा सगळ्या बाजूंनी दिसतो. खालच्या जबड्यात हाडाच्या आतून एक शीर जाते, ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी. स्क्रू तिला लागला तर ओठ बधिर राहतो, कधी काही आठवडे तर कधी कायमचा. वरच्या जबड्यात दाढांच्या वर सायनसची पोकळी असते, स्क्रू तिच्यात घुसता कामा नये. तालुक्याला बऱ्याच ठिकाणी हा स्कॅन होत नाही, जिल्ह्याला जावं लागतं, एसटीचा एक दिवस मोडतो. मोडू द्या. विशेषतः मागच्या दाढांच्या जागी इम्प्लांट करायचं असेल आणि कुणी म्हणालं की स्कॅनची काही गरज नाही, तर का नाही ते विचारा.

आता जरा अवघड विषय. मिश्रीचा. काही भागात मशेरी म्हणतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना चोळत बसायचं. कितीतरी घरांत सासू-सून मिळून लावतात, त्या वेळेतच दोन गोष्टी सुखदुःखाच्या बोलून होतात, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे ‘सोड’ म्हणणं सोपं आणि सुटणं कठीण. पण इम्प्लांटच्या बाबतीत तिचं नेमकं काय होतं ते सांगते. तंबाखूतल्या निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात. हाडाला आणि हिरडीला रक्त कमी पोचतं, जखम भरायला वेळ लागतो, आणि ज्या हाडानं स्क्रूला धरायचं ते नीट वाढत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट दिसतं. मिश्रीची तंबाखू तर तुम्ही त्याच हिरडीवर चोळता.

आणखी एक गोष्ट फसवी आहे. हिरडी खराब असली की रक्त येतं, ती धोक्याची खूण असते. तंबाखूमुळे रक्त येणंच कमी होतं. मग बाई म्हणते, "मिश्रीनं माझ्या हिरड्या आवळल्या, रक्त थांबलं." हिरड्या आवळत नाहीत, आतून रोग चालूच राहतो, फक्त तो दिसेनासा होतो. तिचे बरेचसे दात त्यामुळेच गेलेले असतात. त्याच तोंडात, त्याच सवयीसकट स्क्रू बसवला, तर जे दाताचं झालं तेच त्याचं होणार.

म्हणून मी माझ्याकडच्या बायकांना सांगते, आधी मिश्री सोडा, निदान २-३ महिने सुटलेली राहू दे, मग बघू. यात माझा पेशंट दुसरीकडे जातो. जाऊ दे. सोडायला मदत हवी असेल तर सरकारची मोफत फोनसेवा आहे, १८००-११-२३५६. फोनवर माणूस बोलतो, सोडण्याची तारीख ठरवायला मदत करतो.

गुटखा, सुपारी खाणाऱ्यांसाठी आणखी एक सांगते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि पुडी कुठे मिळते हे गावातलं पोरही सांगेल. असो. आत्ता रेडिओ ऐकता ऐकताच करून बघा. तोंड मोठं उघडा आणि स्वतःची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांच्या मधून आत जातात का ते पहा. जात नसतील, गाल आतून कडक लागत असेल, तिखट झोंबत असेल, तर इम्प्लांटचा विषय बाजूला ठेवा आणि आधी दाखवून घ्या. तसंच तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेला व्रण असेल, तर तो दुखत नसला तरी तपासायला जा. कॅन्सरची सुरुवात बरेचदा न दुखणारीच असते.

साखरेचं थोडक्यात. मधुमेह असला म्हणून इम्प्लांट होत नाही असं नाही, साखर ताब्यात मात्र हवी. एका दिवसाच्या तपासणीवर भागत नाही. एचबीएवनसी नावाची रक्ततपासणी असते, ती मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते. ती ७ च्या आसपास असेल तर बरं. ८ च्या वर असेल तर बहुतेक डॉक्टर थांबायला सांगतात, आणि बरोबर सांगतात. मधुमेह आहे की नाही हेच माहीत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात ३० वर्षांवरच्या सगळ्यांची साखर आणि रक्तदाब मोफत तपासतात, तिथून सुरुवात करा.

औषधांपैकी एका औषधाकडे विशेष लक्ष द्या, कारण ते बायकांचं आहे. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ झाली म्हणून काहींना आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिलेली असते, काहींना वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन, काहींना सहा महिन्यांनी. कॅन्सर हाडात उतरलेला असेल तर अशीच औषधं जास्त प्रमाणात देतात. या औषधांवर असताना जबड्याला जखम केली, दात काढला किंवा स्क्रू बसवला, तर क्वचित तिथलं हाड न भरता मरायला लागतं. ठिसूळपणासाठी घेणाऱ्यांत हे फार कमी, कॅन्सरसाठी घेणाऱ्यांत बरंच जास्त. अडचण अशी की दाताच्या डॉक्टरनं ‘कुठली औषधं चालू आहेत?’ विचारलं, तर आठवड्याची गोळी कुणाच्या लक्षातच येत नाही, आणि वर्षाचं इंजेक्शन तर कुणी औषधात धरतच नाही. घरातली सगळी पाकिटं आणि जुन्या फायली पिशवीत घालून घेऊन जा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा, पण स्वतःच्या मनानं ती बंद करू नका. त्यापायी एखादीला लकवा मारला तर दात राहतो बाजूला. डोक्या-मानेला किरणोपचार घेतले असतील तर ते सांगायलाच हवं. गरोदर असाल तर हे काम बाळंतपणानंतर करा, घाई नसते.

आता दुसरा मोठा मुद्दा. इम्प्लांटच हवं का?

एकच दात गेला असेल तर ब्रिज असतो. शेजारचे दोन दात घासून त्यांच्या आधारानं मधला दात बसवतात. शेजारचे दात आधीच किडलेले, कॅप लागणारे असतील तर ब्रिज चांगला. ते धडधाकट असतील तर त्यांना घासायचं का, हा विचार करावा लागतो, आणि तिथे इम्प्लांट उजवं ठरतं. काढ-घाल करायचे दात सगळ्यात स्वस्त. ते काही कमीपणाचे नाहीत. कितीतरी जणी त्यांच्यावर भाकरी खातात. आणि काही वेळा काहीच न बसवणं हाही पर्याय असतो. सगळ्यात मागची एखादी दाढ नसेल, बाकी चावता येत असेल, तर तिच्यासाठी कर्ज काढायची गरज नसते. जपानमध्ये १९८९ पासून एक मोहीम चालू आहे, ८०व्या वर्षी २० दात राखा अशी. ३२ नाही, २०. तेवढ्यावर माणूस बऱ्यापैकी सगळं चावून खाऊ शकतो. तेव्हा आधी आपले किती उरलेत ते मोजा, आणि कुठे अडतंय ते बघा.

सगळेच दात गेलेत त्यांच्यासाठी एक मधला मार्ग आहे, तो आपल्याकडे फार कमी बायकांना माहीत असतो. वरची कवळी टाळूला चिकटून बसते. खालची मात्र हलते, जेवताना उचलते, खाली जखमा करते. शेवटी बाई ती डबीत ठेवून नुसतं भिजवलेलं खाते. अशा वेळी खालच्या जबड्यात पुढच्या भागात फक्त दोन स्क्रू बसवायचे आणि कवळीला आतून जोड द्यायचा. ब्लाउजचं टिचबटण लागतं तशी कवळी टक्कन बसते, रात्री काढून धुता येते. २००२ साली कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं की खालच्या बिनदाती जबड्यासाठी नुसत्या कवळीऐवजी हाच पहिला पर्याय मानावा. पूर्ण जबड्याला ६-८ स्क्रू आणि पक्के दात याच्या तुलनेत खर्च कितीतरी कमी. मला विचाराल तर पैसे मोजके असलेल्या बाईसाठी याच्याइतका उपयोगाचा इम्प्लांट दुसरा नाही. पण डॉक्टर स्वतःहून सांगतीलच असं नाही, म्हणून तुम्हीच विचारा.

एक पर्याय मात्र पर्याय नाही. आठवडी बाजारात, जत्रेत बसणारे ‘फिक्स दात’वाले. शेजारच्या दातांना तार गुंडाळून किंवा तोंडातच मसाला लावून ते दात चिकटवून देतात. काही शेत नि ५०० रुपयांत काम होतं. त्या मसाल्याखाली अन्न कुजतं, आणि वर्षभरात तो एक खोटा दात शेजारचे दोन खरे दात घेऊन जातो.

आता पैसे. आपल्याकडे खाजगी दवाखान्यात एका दाताचा सगळा मिळून खर्च साधारण २० हजारांपासून ५० हजारांपर्यंत जातो, मोठ्या शहरात त्याच्याही पुढे. आता तो तीनचा आकडा आठवा. ‘इम्प्लांट फक्त १२ हजार’ असं लिहिलेलं असतं तेव्हा तो बरेचदा नुसत्या स्क्रूचा भाव असतो. जोडाचे वेगळे, कॅपचे वेगळे, स्कॅनचे वेगळे, हाडाची भर घातली तर त्याचे वेगळे, मधल्या काळातल्या तात्पुरत्या दाताचे वेगळे. म्हणून ‘सगळं धरून किती?’ असं विचारा आणि दवाखान्याच्या कागदावर लिहून घ्या. स्क्रू धरला नाही तर पुन्हा बसवायचे पैसे कोण भरणार, हेही त्याच कागदावर हवं. ‘लाइफटाइम वॉरंटी’ म्हणतात ती बहुधा कंपनीची असते, म्हणजे नवा स्क्रू फुकट. डॉक्टरांची फी आणि कॅप त्यात असेलच असं नाही.

गटांसाठी एक सुचवते. उपचार दोन टप्प्यांत होतो, स्क्रू आज आणि कॅप तीन ते सहा महिन्यांनी. मग कर्ज एकदम कशाला उचलायचं? पहिल्या टप्प्यापुरतं आधी घ्या, उरलेलं कॅपच्या वेळी. त्या मधल्या महिन्यांचं व्याज वाचतं. दवाखान्यालाही तसंच सांगा, पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणे देऊ. सगळी रक्कम आधीच मागणाऱ्या ठिकाणी मी माझ्या बहिणीला पाठवणार नाही. आणि शिबिरात ‘आजच नाव नोंदवलं तर निम्मे पैसे’ असं कुणी म्हणालं, तर घरी येऊन दोन रात्री झोपून मग ठरवा.

कमी खर्चात करायचं असेल तर दंत महाविद्यालयं आहेत. सरकारी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत, मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, शिवाय खाजगी दंत महाविद्यालयं बऱ्याच जिल्ह्यांत आहेत. तिथे पुढचं शिक्षण घेणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त होतात, रांग असते, पण तपासणी बारकाईनं होते. सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डावर इम्प्लांट करून देतो असं कुणी सांगितलं, तर त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारल्याशिवाय कार्ड हातातून सोडू नका.

डॉक्टर कोण, हेही विचारायचं असतं, त्यात उद्धटपणा नाही. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी असायला हवी, ते प्रमाणपत्र दवाखान्यात लावलेलं असतं. लहान गावात बरेचदा स्क्रू बसवायला बाहेरचे तज्ज्ञ महिन्यातून एखाद्या दिवशी येतात. त्यात काही वाईट नाही, तज्ज्ञ असलेलं चांगलंच. पण ते गेल्यावर रात्री सूज आली तर फोन कुणाला करायचा, ते आधी ठरवून घ्या. स्क्रूचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर उघडलं जावं. त्या पाकिटावर एक चिकटपट्टी असते, कंपनीचं नाव, माप आणि लॉट नंबर लिहिलेली. ती तुमच्या कार्डावर किंवा फायलीत लावून घ्या आणि रेशनकार्डासोबत जपून ठेवा. ८ वर्षांनी जोड सैल झाला आणि तुम्ही दुसऱ्या गावी असलात, तर कुठल्या कंपनीचा आहे हे कळल्याशिवाय डॉक्टरला चावीही लावता येत नाही. प्रत्येकाची चावी वेगळी असते.

ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणींनी वेळेचा हिशोब करावा. दिवाळीच्या आसपास टोळी निघते, पाडव्याच्या आगेमागे परत. निघायच्या आदल्या आठवड्यात स्क्रू बसवू नका. बसवायचाच असेल तर निदान महिनाभर आधी, म्हणजे टाके निघतात, जखम भरली का ते डॉक्टर एकदा बघतात. मग हंगामाचे महिने हाड मुरायला मिळतात आणि परत आल्यावर कॅप. हिशोब नीट बसतो, फक्त फडावर मिश्रीची डबी बरोबर जाता कामा नये, आणि त्या बाजूनं ऊस सोलायचा नाही.

बसवल्यावर काय? भूल देऊन करतात, त्यामुळे करताना दुखत नाही. दोन-तीन दिवस सूज असते, मऊ खायचं, बर्फ लावायचा. बहुतेक जणी म्हणतात, दात काढण्यापेक्षा हे सोपं गेलं. नीट निवडलेल्या आणि काळजी घेणाऱ्या पेशंटमध्ये १० वर्षांनंतरही १०० पैकी ९०हून जास्त इम्प्लांट टिकलेले असतात. काळजी म्हणजे काय, ते मात्र ऐका. हा दात किडत नाही, हे खरं. पण त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड खराब होऊ शकतं. आपल्या खऱ्या दाताला आणि हाडाला जोडणारी बारीक धाग्यांची गादी असते, इम्प्लांटला ती नसते. त्यामुळे बिघडलं तरी लवकर दुखत नाही. दुखण्याची वाट बघाल तर उशीर होईल. ब्रश करताना तिथून रक्त आलं, पू आला, वास आला, कॅप किंचित हलली, तर लगेच जा. दोन वेळा ब्रश, दातांमधल्या फटीसाठी बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा छोटासा ब्रश मिळतो तो, आणि दर सहा महिन्यांनी तपासणी. ही सहा महिन्यांची फेरी जमणार नसेल तर काढ-घाल करायचे दात बरे, असं मी स्पष्ट सांगते.

मागच्या आठवड्यात आपण विषय जाहीर केला तेव्हा काही फोन आले होते, त्यांची उत्तरं देते.

एका आजींनी विचारलंय, वय ६८, आता चालेल का? वयाची वरची मर्यादा नाही आजी. तब्येत, साखर आणि हाड बरं असेल तर ७५ला सुद्धा होतं. तुमची खालची कवळी हलते म्हणालात, तर ते दोन स्क्रूंचं विचारा.

एका ताईंचा प्रश्न, स्क्रू असताना पुढे एमआरआय करता येतो का? येतो, टायटॅनियमला लोखंडासारखी चुंबकाची ओढ नसते. तपासणीच्या आधी तिथल्या माणसाला सांगा म्हणजे झालं.

शेवटचा फोन एका आईचा. मुलगी १४ वर्षांची, सायकलवरून पडली आणि पुढचा दात मुळासकट निघाला. इम्प्लांट बसवता येईल का? आत्ता नाही. जबड्याची वाढ पूर्ण व्हायला हवी, म्हणजे १८च्या पुढे, काहींना आणखी थोडं थांबावं लागतं. वाढत्या जबड्यात स्क्रू बसवला तर शेजारचे दात पुढे सरकत राहतात आणि हा मागेच अडकतो. तोवर तिला काढता येणारा किंवा शेजारच्या दाताला चिकटवलेला तात्पुरता दात करून द्या, शाळेत हसायला लाजणार नाही.

पण हे बाकीच्या सगळ्यांनी ऐकून ठेवा. मुलाचा पक्का दात असा अख्खा निघून पडला तर तो परत बसवता येतो. दुधाचा दात असेल तर नाही, फक्त पक्का. दात मुळाकडून धरू नका, दिसणाऱ्या पांढऱ्या भागाकडून धरा. घासू नका, पदरानं पुसू नका. माती लागली असेल तर थंड दुधानं किंवा पाण्यानं हलकेच धुवा आणि जमलं तर तिथल्या तिथे खळग्यात बसवून रुमाल चावायला द्या. नाही जमलं तर पेल्यात थंड दूध घ्या, दात त्यात टाका आणि मिळेल त्या गाडीनं दाताच्या डॉक्टरकडे पळा. तासाभरात पोचलात तर तो दात वाचण्याची चांगली आशा असते.